केटलमधील राळ आणि अदृश्य प्रकाश



इतिहास म्हटला की आपल्यासमोर गड उभे राहतात, तह आणि लढाया उभ्या राहतात. आम्ही आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयास उभे आहोत ती हाताच्या मनगटापेक्षा जाड नाही. पोलादाची एक नळी, तिच्या टोकाला नीलमण्याची किंवा हिऱ्याची नखाएवढी खिडकी, आणि मागून निघालेली काचतंतूंची एक दोरी. एवढेच तिचे स्वरूप. ही नळी रेझिनच्या कारखान्यात उकळत्या राळेत बुडवून ठेवतात. आतली राळ कितपत शिजली, हे ती दर मिनिटाला बाहेर बसलेल्या यंत्राला कळवीत असते. विषय रुक्ष वाटेल. परंतु हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो आमच्या अंगावरून गेलेला आहे.

प्रथम राळ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. झाडाची राळ आपण धुपात टाकतो. कारखान्यातली राळ ही माणसाने केलेली. प्लायवूडचा डिंक, घराचा ऑइलपेंट, टेबलावरचा सनमायका, जुन्या घरातले विजेचे काळे बटण, फायबरची पाण्याची टाकी, या सर्वांच्या पोटी कोणती ना कोणती कृत्रिम राळ आहे. ती एका मोठ्या बंद भांड्यात शिजते. इंजिनिअर त्याला रिॲक्टर म्हणतात, कामगार केटल म्हणतो. लहान रेणू उष्णतेने एकमेकांचे हात धरतात, साखळ्या लांबत जातात आणि पाण्यासारखा पातळ द्रव हळूहळू मधासारखा होतो.

स्वयंपाकघरातील भगिनींना हे आमच्यापेक्षा अधिक चांगले समजेल. लाडवाचा पाक एकतारी असतो, मग दोनतारी होतो, मग गोळीबंद. कोणत्या क्षणी पातेले खाली उतरावयाचे, हीच त्यातली सारी विद्या. केटलवरचा जुना ऑपरेटर हीच परीक्षा करीत असे. काचेच्या कांडीने थेंब काढावयाचा, दोन बोटांत धरून तार ओढावयाची. युरियाच्या राळेचा थेंब गार पाण्यात सोडून पाणी दुधाळ होते का पाहावयाचे. फरक एवढाच, की पाक पुढे गेला तर पाणी घालून पुन्हा सारखा करता येतो. राळ पुढे गेली की साखळ्या आडव्याही जोडल्या जातात, सगळ्या भांड्याचा मिळून जणू एकच रेणू होतो, आणि मग ती कोणत्याही पाण्याला वा द्रावकाला दाद देत नाही. कारखान्यात म्हणतात, बॅच जेल झाली.

आम्ही पंचविशीच्या आत होतो तेव्हाची हकिगत. दहावीनंतर शाळा सुटलेली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात हेल्परची नोकरी. कारखान्याचे नाव घेत नाही. तो आता तेथे उभाही नाही. रात्रपाळीला पॉलिएस्टर राळेची बॅच चालू होती. 2 वाजून 10 मिनिटांनी ऑपरेटरने नमुना काढला आणि आम्ही तो डबीत घालून अंगणापलीकडच्या प्रयोगशाळेत नेऊन दिला. तीन केटलना मिळून एक केमिस्ट. त्याने नमुना वजन केला, विरघळवला, ब्युरेटने टायट्रेशन केले, आणि आकडा आमच्या हाती आला तेव्हा 3 वाजून 25 मिनिटे झाली होती. मधल्या काळात ढवळणीची मोटर कण्हू लागली होती. ऑपरेटर म्हणत होता, बॅच गार करू द्या. फोरमन म्हणत होता, आकडा येऊ दे. आकडा आला तो सव्वा तासापूर्वीच्या राळेचा होता. ती राळ तोवर राहिलीच नव्हती.

पुढे आठ-नऊ दिवस कंत्राटी मजूर मॅनहोलमधून केटलमध्ये उतरून छिन्नी-हातोड्याने ती जमलेली राळ फोडीत होते. तोंडाला ओला फडका, बाहेर दोरी धरून एक माणूस. ऑपरेटरला निष्काळजीपणाबद्दल आरोपपत्र मिळाले. चौकशीत त्याला वाचविले ते आमच्या भाषणांनी नव्हे. प्रयोगशाळेच्या रजिस्टरातील त्या दोन वेळांनी वाचविले. 2.10 आणि 3.25. नोकरी राहिली, एक वेतनवाढ गेली. आम्ही युनियनच्या कामात पडलो ते तेथून. आणि नमुना व उत्तर यांच्यामधली ही पंचाहत्तर मिनिटे कोणी, कशी कमी केली, याचा शोध घेण्याचा नाद लागला तोही तेथूनच. म्युनिसिपालिटीच्या वाचनालयातील विश्वकोशाच्या खंडांपासून आम्ही सुरुवात केली. पुढचा इतिहास त्या नादाचे फळ आहे.

या इतिहासाचा पहिला पुरुष धंद्याने वादक होता. विल्यम हर्शेल मूळचा जर्मनीतील हॅनोव्हरचा. इंग्लंडात बाथ येथे चर्चमध्ये ऑर्गन वाजवून तो पोट भरी. आकाशशास्त्र त्याने स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतले आणि स्वतः आरसे घासून दुर्बिणी केल्या. 1800 साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि निरनिराळ्या रंगांत काजळी धरलेले थर्मामीटर ठेवून पाहिले. पारा जांभळ्याकडून तांबड्याकडे चढत गेला. तांबडा संपला त्याच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे तो सर्वांत वर चढला. अवरक्त किरणांचा शोध तो हाच. इंग्रजीत त्यास इन्फ्रारेड म्हणतात.

दुसरा पुरुष तर सरळ कारागीरच. योझेफ फ्राउनहोफर अकरा वर्षांचा असताना अनाथ झाला आणि म्यूनिकमध्ये एका आरसे करणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. 1801 साली मालकाचे घर कोसळले, हा पोर ढिगाऱ्याखाली सापडला आणि जिवंत निघाला. तेथील राजपुरुषाच्या नजरेस तो पडला, पुस्तके व पैसे मिळाले. घर पडले नसते तर हा मुलगा जन्मभर काच घासत राहिला असता, हा विचार आमच्या मनातून जात नाही. 1814 साली त्याने सूर्याच्या वर्णपटातील पाचशेहून अधिक काळ्या रेषा मोजून त्यांचा नकाशा केला. पुढे 1859 च्या सुमारास हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखविले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे.

परंतु राळ मूलद्रव्यांवरून ओळखता येत नाही; तेच कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन कच्च्या मालातही आणि पक्क्यातही. प्रश्न त्यांनी एकमेकांचे हात कसे धरले आहेत हा. त्याचे उत्तर हर्शेलच्या अदृश्य प्रदेशात होते. 1881 साली ॲबनी आणि फेस्टिंग या दोघा इंग्रजांनी अवरक्ताच्या उंबरठ्यावरील भागाची छायाचित्रे घेतली आणि सेंद्रिय द्रव तेथील ठरावीक किरण गिळतात असे दाखविले. मग अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ याने खनिज मिठाचा लोलक घेऊन शंभराहून अधिक पदार्थ तपासले. 1905 साली ते प्रसिद्ध झाले. एकेक बिंदू, एकेक आकडा हाताने टिपलेला. त्यावरून दिसले, की अमुक जोडणी असेल तर अमुक जागी किरण गिळला जाणारच.

हे का होते, ते सांगतो. दोन अणूंमधला बंध म्हणजे दोन चेंडू आणि मधे स्प्रिंग समजा. ती स्प्रिंग आपल्या ठरलेल्या गतीने थरथरते. त्याच गतीचा प्रकाश आला तर ती तो गिळते, बाकीचा जाऊ देते. किती गिळला यावरून असे बंध किती ते समजते. चहाच्या रंगावरून पावडर किती पडली हे आपण ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. बूगे, लाम्बेर्ट आणि बेअर या तिघांनी सव्वाशे वर्षांच्या अवधीत तो नियम बांधला, बेअरचे काम 1852 चे. राळ शिजते म्हणजे काही बंध तुटतात आणि काही नवे जुळतात. तेव्हा एका जागचे गिळणे कमी होते, दुसऱ्या जागचे वाढते. नमुना न काढता, न विरघळवता, केवळ प्रकाश आरपार घालून हे दिसावे, ही सारी कल्पना.

कोब्लेंट्झ आकडे टिपीत होता त्याच काळात राळेचाही जन्म झाला. लिओ बेकलंड हा बेल्जमच्या गेंट शहरातल्या चांभाराचा मुलगा. अमेरिकेत जाऊन त्याने फोटोच्या कागदात पैसा मिळविला आणि मग शेलॅकला, म्हणजे आपल्या लाखेला, पर्याय शोधू लागला. त्या काळी लाख जगाला पुरवीत असे तो हिंदुस्थान. छोटा नागपूरच्या जंगलातले आदिवासी पळसाच्या आणि कुसुमाच्या झाडांवरून ती काढीत. 1907 साली बेकलंडने फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ उष्णता व दाब यांनी आवरण्याची युक्ती पेटंटसाठी मांडली. त्याच्या आधी अनेकांनी हे दोन पदार्थ एकत्र करून पाहिले होते आणि भांड्यात बसलेला दगड फेकून दिला होता. बेकलंडची खरी करामत थांबण्यात आहे. त्याने राळेच्या तीन अवस्था ओळखल्या, त्यांना अ, ब, क असे म्हणू या. पहिली विरघळते, दुसरी तापवली तर मऊ होते, तिसरी काही केल्या बदलत नाही. अ आणि ब वर थांबता आले म्हणून धंदा उभा राहिला. 1910 साली त्याची जनरल बेकेलाइट कंपनी निघाली. आज आपण ज्याला क्वालिटी म्हणतो ती या उद्योगात पहिल्या दिवसापासून वेळेवर थांबण्याचेच दुसरे नाव आहे.

वेळ कोणती हे मात्र पुढची कित्येक वर्षे बोटे, कांडी आणि ब्युरेट हेच सांगत राहिले. ॲसिड व्हॅल्यू काढावयाची, म्हणजे एक ग्रॅम राळेतील आम्ल मारावयास किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागते ते मोजावयाचे. आकडा उतरला म्हणजे राळ शिजली. दाटपणासाठी गार्डनरच्या नळ्या, त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे; नळी उलटी करून हवेचा बुडबुडा कोणत्या अक्षराच्या बरोबरीने वर चढतो ते पाहावयाचे. या परीक्षांना आम्ही हसत नाही. त्या अचूक होत्या. फक्त त्या राळेच्या मागून चालत होत्या.

कारखान्याच्या चालू नळावर अवरक्त किरण प्रथम बसले ते जर्मनीत, 1938 च्या सुमारास. ई. गे. फार्बेन या अवाढव्य रसायन कंपनीतील लेरर आणि लुफ्ट यांनी उरास नावाचे यंत्र केले. त्यात लोलकही नव्हता. जो वायू मोजावयाचा तोच वायू यंत्राच्या डबीत भरून ठेवला होता. आपला सोबती किती किरण गिळून गेला हे तो स्वतःच्या तापण्यावरून सांगे. अशी साधी बुद्धी फार थोड्या यंत्रांत असते. आणि हीच कंपनी थोड्याच वर्षांत आउशविट्झ येथे कृत्रिम रबराच्या कारखान्याच्या उभारणीवर छळछावणीतील कैदी राबवीत होती, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

पलीकडे अमेरिकेतही गरज रबराचीच. 1941 च्या अखेरीस जपान युद्धात उतरला, मलाया त्याने घेतला आणि रबराची झाडे शत्रूकडे गेली. कृत्रिम रबर करावयाचे तर कच्चा वायू शुद्ध आहे की नाही हे झटपट समजले पाहिजे. शेल कंपनीतील रॉबर्ट ब्रॅटन याच्या आराखड्यावर बेकमन कंपनीने 1942 साली अवरक्त यंत्रे केली. हा ब्रॅटन ट्रान्झिस्टर शोधणाऱ्या वॉल्टर ब्रॅटनचा भाऊ. अमेरिकन सायनॅमिड या राळा करणाऱ्या कंपनीत बार्न्स याने केलेल्या आराखड्यावरून पर्किन-एल्मरचे यंत्र 1944 मध्ये बाजारात आले. युद्धापूर्वी जे काम एखाद्या विद्यापीठातला एखादाच माणूस करी ते आता कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोजचे झाले. तरीही यंत्र अंगणापलीकडेच होते. नमुना डबीतूनच जात होता.

येथे एक अडचण सांगावी लागेल, नाही तर पुढची गोष्ट समजणार नाही. मधल्या अवरक्त प्रदेशात राळ इतके किरण गिळते की मिलिमीटरच्या शतांशाएवढा पातळ थर असेल तरच काही आरपार जाते. शिवाय साध्या काचेतून तो प्रकाश जात नाही. मिठाच्या खिडक्या लागतात आणि मीठ पाण्यात विरघळते. उकळत्या, चिकट, वाफाळ केटलमध्ये हे लावणार कसे?

तोड निघाली ती संगीतात. तंबोऱ्याची तार छेडली की केवळ तिचाच स्वर उमटत नाही. कान तयार असेल तर त्यातून वरचा गंधार आपोआप ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. रेणूंच्या स्प्रिंगांनाही असे वरचे स्वर असतात. ते पडतात हर्शेलच्या अगदी उंबरठ्यावर, तांबड्याच्या लगत, निकट अवरक्तात. ॲबनी आणि फेस्टिंग यांनी पाहिले होते ते हेच. हे स्वर मूळच्या मानाने फार क्षीण. म्हणूनच कामाचे! क्षीण असल्यामुळे राळेचा काही मिलिमीटर जाड थरही चालतो, आणि हा प्रकाश काचेतून जातो. 1958 साली गॉडू आणि डेल्कर या दोघा अमेरिकन रसायनज्ञांनी दाखविले, की इपॉक्सी राळेतील तो विशिष्ट तिकोनी बंध या प्रदेशात, 1.65 आणि 2.2 मायक्रॉनपाशी, मोजता येतो. इपॉक्सीचा ऑपरेटर ज्याच्यासाठी तास तास थांबत असे तो आकडा प्रकाशात सापडला.

तरी पंडितांना हा प्रदेश आवडत नव्हता. सगळे स्वर एकमेकांवर चढलेले, एकही शिखर स्वच्छ नाही. त्याला मान मिळवून दिला तो शेतकी खात्याच्या एका इंजिनिअरने. कार्ल नॉरिस अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे अंडी आणि धान्य यांची परीक्षा करी. धान्यातले पाणी मोजताना प्रथिने आणि स्निग्धांश आड येऊ लागले. त्याने एका तरंगलांबीचा नाद सोडला, अनेक तरंगलांबींचे आकडे घेतले आणि गणिताने ते वेगळे केले. 1975 च्या सुमारास कॅनडाच्या धान्य खात्याने गव्हाचे प्रथिन तीव्र आम्लात उकळून मोजण्याची जुनी रीत सोडून हे यंत्र घेतले. गव्हाच्या पोत्यावर जे चालले ते राळेच्या केटलवर चालावयास मग वेळ लागला नाही.

बाकीची साधने ठिकठिकाणाहून आली. 1965 साली कूली आणि ट्यूकी यांनी हिशेबाची अशी झटपट रीत दिली की सबंध वर्णपट क्षणात उलगडू लागला. 1970 मध्ये दूरध्वनीसाठी निर्मळ काचतंतू तयार झाले; त्यांतून प्रकाश केटलपर्यंत नेऊन परत आणता येऊ लागला आणि नाजूक यंत्र स्फोटाच्या टापूबाहेर ठेवता आले. हर्मान व्होल्ड या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने समाजशास्त्राच्या आकडेमोडीसाठी केलेली रीत त्याच्या मुलाने रसायनात आणली. यंत्रासमोर आलेला नमुना ओळखीचा आहे की परका, हे ठरविण्यासाठी जे माप वापरतात ते आपल्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे, 1936 सालचे. कलकत्त्यातील माणसांच्या डोक्यांची नि चेहऱ्यांची मापे ताडून पाहताना ते सुचले. आणि कलकत्त्याचेच दुसरे नाव रामन यांचे. 28 फेब्रुवारी 1928 रोजी त्यांनी पाहिलेला विखुरलेला प्रकाश लेसर निघाल्यावर कारखान्यात आला. पाणी असलेल्या राळांत, जेथे अवरक्ताला पाणी आंधळे करते, तेथे रामनचा प्रकाश उपयोगी पडतो. रामन यांच्या प्रयोगशाळेत आशुतोष दे या नावाचे मदतनीस वर्षानुवर्षे राबले, हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो. अशी नावे व्याख्यानांत बहुधा येत नाहीत.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ही नळी केटलमध्ये उतरली. पंचाहत्तर मिनिटांचे एक मिनिट झाले.

मग यात युनियनच्या माणसाला बोलावयाचे काय उरले? पुष्कळ उरले.

पहिली गोष्ट. हे यंत्र ॲसिड व्हॅल्यू मोजीत नाही. ते प्रकाश मोजते. अशा अशा प्रकाशाला अमुक ॲसिड व्हॅल्यू म्हणावयाचे, हे त्याला शिकवावे लागते. शिकवितो कोण? पन्नास, शंभर, दीडशे वेळा ऑपरेटरने मॅनहोलपाशी वाफ खात काढलेला नमुना, आणि प्रयोगशाळेतल्या माणसाने ब्युरेटने काढलेला आकडा. त्या आकड्यात चूक असेल तर यंत्र तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने सांगू लागते. ग्लायकॉलचा पुरवठादार बदलला, खिडकीवर राळेचा पापुद्रा धरला, की पुन्हा शिकवणी. परंतु यंत्र बसले की पहिली गोष्ट घडते ती ही, की प्रयोगशाळेतील रात्रपाळी कमी होते. गुरुजींना शाळेतून काढून शिष्याला खुर्ची देण्यासारखे हे आहे. आणि शिष्य आजारी पडला की गुरुजींना घरून बोलावून आणतात.

दुसरी गोष्ट आमच्याच लोकांच्या विरुद्ध आहे, ती लपविणार नाही. एका कारखान्यात हे यंत्र येणार कळताच आमच्या सभासदांनी ते बसूच द्यावयाचे नाही असा ठराव आणला होता. आम्ही त्याच्याविरुद्ध बोललो आणि शिव्या खाल्ल्या. फॉर्माल्डिहाइडने माणसाला कर्करोग होतो, असा निर्णय 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला. प्रत्येक नमुन्याला केटलचे तोंड उघडते आणि तो वायू कामगाराच्या डोळ्यांत व छातीत जातो. पाळीत सहा वेळा उघडणारे तोंड एकदा उघडले तर ते आम्हाला हवे आहे. ज्या कामात माणसाचे फुप्फुस हेच अवजार आहे ते काम गेले म्हणून रडण्यात अर्थ नाही. त्या माणसाला दुसरे काम मिळाले पाहिजे, यासाठी भांडण्यात आहे.

तिसरी गोष्ट अशी, की या नळीला सर्वज्ञ समजू नये. 10 सप्टेंबर 1997 रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहरी जॉर्जिया-पॅसिफिक कंपनीच्या कारखान्यात फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळेची केटल फुटली. एक कामगार मेला, चार जखमी झाले. तेथील पर्यावरण खात्याने 1999 साली त्यावर टिपण काढले. कच्चा माल आणि उत्प्रेरक एकदम भरले गेले, त्यात वाफेची उष्णता दिली गेली. प्रक्रिया स्वतःच्याच उष्णतेने पेटत गेली. उत्प्रेरक थोडा थोडा सोडावयाचा असतो. टिपणाचा भर मात्र माणसाच्या चुकीवर नाही. एका माणसाच्या एका चुकीने केटल फुटू शकते अशी रचना का असावी, गारवा पुरेसा का नसावा, दाब सुटण्याची वाट मोठी का नसावी, असे ते विचारते. अशा वेळी वर्णपट केवळ पाहत राहील. थंड पाणी, मोठी सुरक्षा झडप आणि भरण्याच्या क्रमाला कुलूप, यांची जागा तो घेऊ शकत नाही. नळीसाठी पैसा आहे आणि झडपेसाठी नाही, असे जेथे दिसेल तेथे कामगारांनी सावध व्हावे.

आता शेवटची, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. रजिस्टर गेले. 2.10 आणि 3.25 हे दोन आकडे शाईने लिहिलेले होते, एक ऑपरेटरच्या हातचा, एक केमिस्टच्या हातचा. चौकशीत ते पुढे ठेवता आले. आता दर मिनिटाचा आकडा यंत्रात साठतो. कागदावरच्या रजिस्टराहून ही साक्ष हजारपट चांगली. परंतु ती कोणाच्या कपाटात आहे? त्याचे कुलूप एकाच पक्षाकडे. बॅच बिघडली की पडद्यावर दिसत होते, तू का थांबविले नाहीस, असे ऑपरेटरला विचारता येते. पडद्यावर त्या वेळी खरोखर काय दिसत होते, हे त्याला दाखविता येत नाही.

म्हणून काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील पगारकराराच्या वाटाघाटीत आम्ही एक कलम घातले. शिस्तभंगाच्या कोणत्याही चौकशीत त्या बॅचचा संपूर्ण आलेख, वेळांसह, कामगाराला मिळेल. आणि यंत्राला शेवटची शिकवणी कधी झाली त्याची नोंदही मिळेल. पगाराचे आकडे चार बैठकांत जुळले. या कलमाला सात बैठका लागल्या. व्यवस्थापनाचे साहेब तंत्र जाणणारे आणि सज्जन होते. ते म्हणाले, अहो, आलेख तुम्हाला वाचता येणार आहे का? आमच्या बाजूला ऑपरेटरांपैकी एक जण बसला होता, बावीस वर्षे केटलवर काढलेला. त्याने टेबलावरचा नमुन्याचा कागद ओढून घेतला, एका वळणावर बोट ठेवले आणि म्हणाला, साहेब, येथे ग्लायकॉल उशिरा पडलेय. साहेबांनी चष्मा लावून पाहिले, फाइल मागविली. पडले होते.

कलम झाले. फक्त ‘मिळेल’च्या आधी त्यांनी ‘लेखी मागणी केल्यास’ असे तीन शब्द घातले. ते काढण्याचे पुढच्या कराराच्या मागणीपत्रात आहे.